हजेरीपटापासून मोबाईलपर्यंत : पहारा कोणावर?

वस्तीतल्या बैठकीत सरकारी पाळतीचा विषय काढला की हमखास एक उत्तर मिळते. "वकीलसाहेब, आपल्याकडे लपविण्यासारखे आहे तरी काय? ज्यांच्या तिजोऱ्या भरल्यात त्यांनी घाबरावे!" उत्तर प्रामाणिक आहे, पण चुकीचे आहे. आपल्याकडे तिजोरी नसेल. परंतु शहरात भाड्याची खोली शोधताना घरमालकाने आडनाव विचारले की पुढे काय होते, हे आपल्यातल्या कोणाला सांगावे लागत नाही. ज्याची माहितीच त्याच्याविरुद्ध वापरली जाते, त्याला खासगीपणाचा अधिकार सर्वांत जास्त लागतो.

या देशात सरकारी पाळतीची सुरुवात मोबाईलपासून झालेली नाही. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला आणि जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरविल्या. पोलिसांच्या वहीत नाव, ठरल्या वेळी हजेरी, गाव सोडायचे तर परवाना. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये माणसे तारेच्या कुंपणाआड ठेवली गेली. १९५२ साली हा कायदा रद्द झाला. पण त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. नाव बदलले, वही तीच राहिली! ७ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाला एका निकालात म्हणावे लागले की, केवळ मागास समाजात किंवा अनुसूचित जाती-जमातीत जन्मल्यामुळे निरपराध माणसांची नावे पोलिसांच्या हिस्ट्रीशीटमध्ये चढविली जात असल्याचे अभ्यासांतून दिसते. म्हणजे स्वातंत्र्यानंतर पाऊणशे वर्षे उलटली, तरी जात पाहून पाळत ठेवणे संपलेले नाही.

विश्वरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हा धोका फार आधी ओळखला होता. १९४७ साली प्रसिद्ध केलेल्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी मूलभूत हक्कांच्या यादीत एक स्पष्ट कलम घातले : माणसाचे शरीर, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांची अवाजवी झडती व जप्ती होता कामा नये, सबळ कारणाशिवाय वॉरंट निघता कामा नये. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत काझी सय्यद करिमुद्दीन यांनी अशाच आशयाची दुरुस्ती मांडली, तेव्हा ती स्वीकारण्याची तयारी बाबासाहेबांनी दाखविली. तरीही हे कलम अखेर संविधानात आले नाही.

त्याची किंमत पुढे मोजावी लागली. १९५४ साली एम. पी. शर्मा खटल्यात आठ न्यायमूर्तींच्या खंडपीठाने, असे कलम आपल्या संविधानात नाही, या आधारावर खासगीपणाचा हक्क नाकारला. उत्तर प्रदेशातील खडकसिंग हा दरोड्याच्या आरोपातून पुराव्याअभावी सुटला होता. तरी पोलीस रात्री-अपरात्री त्याचे दार ठोठावीत. १९६२ साली न्यायालयाने रात्रीच्या या भेटी घटनाबाह्य ठरविल्या, पण बाकीची पाळत चालू ठेवली. शेवटी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे मान्य केले. बाबासाहेबांनी १९४७ साली ज्या हक्काचा पाया घातला, तिथवर पोहोचायला न्यायव्यवस्थेला सत्तर वर्षे लागली!

हक्क मिळाला, पण पहारा उठला का? फोन चोरून ऐकण्याचा अधिकार सरकारला १८८५ च्या तार कायद्याने दिला होता. आता त्याची जागा २०२३ च्या दूरसंचार कायद्याने घेतली आहे. पण आदेश देणारा गृहसचिव आणि तो आदेश तपासणारी समितीही सचिवांचीच. त्यात एकही न्यायाधीश नाही. ज्याच्यावर पाळत ठेवली त्याला ते कधी कळवायचे, याचीही तरतूद नाही. मग दाद मागायची कोणाकडे?

२०१९ साली पेगॅसस या हेरगिरीच्या तंत्राचे प्रकरण उघडकीस आले. तेव्हा लक्ष्य झालेल्यांमध्ये भीमा कोरेगाव प्रकरणातील आरोपींचे वकील आणि डॉ. आनंद तेलतुंबडे यांचे नाव पुढे आले. सर्वोच्च न्यायालयाच्या समितीने २९ फोन तपासले. पाचांत घातक प्रणाली सापडली. मात्र ती पेगॅससच असल्याचे सिद्ध झाले नाही. केंद्र सरकारने सहकार्य केले नाही, हे ऑगस्ट २०२२ मध्ये खुद्द सरन्यायाधीशांनी न्यायालयात सांगितले. वकील आणि अशील यांच्यातील बोलणेच सुरक्षित नसेल, तर बचावाचा हक्क कागदावरच राहतो.

इथे काही मित्र विचारतील, एकीकडे जातिनिहाय जनगणना मागता आणि दुसरीकडे खासगीपणा, हे कसे? यात विसंगती नाही. १९४८ च्या जनगणना कायद्यातील कलम १५ प्रमाणे व्यक्तीची नोंद कोणाला पाहता येत नाही आणि ती पुरावा म्हणून वापरता येत नाही. जनगणना समाजाची स्थिती उघड करते आणि व्यक्तीचे नाव झाकते. पाळत नेमके उलटे करते. आपण मोजले जायला तयार आहोत, आमच्यावर पाळत नको! ३० एप्रिल २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाच्या राजकीय व्यवहार समितीने जातगणनेचा निर्णय घेतला. त्या गणनेत कलम १५ चे कडक पालन व्हावे, हीही मागणी चळवळीने केली पाहिजे.

२०२३ च्या माहिती संरक्षण कायद्याची गंमत पाहा. नाव नागरिकांच्या संरक्षणाचे. पण सरकार अधिसूचना काढून आपल्या यंत्रणांना त्यातून सूट देऊ शकते. शिवाय याच कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ञ) मध्ये बदल करून 'वैयक्तिक माहिती' म्हणून अर्ज फेटाळणे सोपे केले. शिष्यवृत्तीचा पैसा कुठे गेला, योजनेचे लाभार्थी खरे की बोगस, हे विचारणाऱ्या कार्यकर्त्याला आता गोपनीयतेचे कारण सांगता येईल. शासनाला नागरिक काचेसारखा पारदर्शक हवा आणि स्वत:साठी मात्र दगडी भिंत हवी!

म्हणून कार्यकर्त्यांनी काही गोष्टी गाठीशी बांधाव्यात. आपले नाव हिस्ट्रीशीटमध्ये आहे असे कळले, तर २०२४ च्या निकालाचा आधार घेऊन पोलीस अधीक्षकांकडे लेखी फेरतपासणी मागावी. मोबाईल जप्त केला, तर पंचनाम्याची प्रत घ्यावी. नव्या नागरी सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती-जप्तीचे चित्रीकरण बंधनकारक आहे, ते झाले का हे विचारावे. माहिती नाकारली गेली, तर कलम ८(२) मधील सार्वजनिक हिताचा मुद्दा अपिलात आवर्जून मांडावा. ते कलम अजून शाबूत आहे.

संविधानाच्या उद्देशिकेत 'व्यक्तीची प्रतिष्ठा' हे शब्द आहेत. ज्याच्या दारावर रात्री थाप पडते, ज्याचे नाव गुन्ह्याशिवाय वहीत चढते, ज्याचा फोन दुसरेच कोणी ऐकते, त्याला प्रतिष्ठा उरत नाही. आपल्या आजोबा-पणजोबांना गावकुसाबाहेर ठेवणाऱ्यांचे त्यांच्या प्रत्येक पावलावर लक्ष असे. ते लक्ष आज यंत्रातून ठेवले जाणार असेल, तर आपण गप्प बसायचे का? पुढच्या बैठकीत कोणी "लपविण्यासारखे आहे काय?" असे म्हणाले, तर त्याला एवढेच सांगा : लपवायचे काही नाही, पण जपायचे पुष्कळ आहे. जयभीम!