तूच ठेव, दादा

पाणीगेटच्या परिसरात आपल्या मराठी कुटुंबांची जी जुनी घरे आहेत, त्यांतील कित्येकांची मालकी आज सातासमुद्रांपलीकडे विखुरली आहे. वडिलांनी स्वकष्टाने बांधलेले घर, मृत्युपत्र नाही, आई आधीच निवर्तलेली. अशा वेळी हिंदू वारसा कायद्यान्वये मुलगे व मुली समान वाटेकरी होतात. समजा, थोरला भाऊ येथेच आहे, धाकटा पुण्यास आणि बहीण न्यू जर्सीस. खालचा मजला भाड्याने दिलेला असतो व भाडे थोरलाच घेतो, कारण भिंतीला ओल आली की धावायचे त्यालाच. बहीण फोनवर सांगते, “तूच ठेव, दादा.” सलोखा आहे, म्हणून कागद कुणीच पाहत नाही.

कायदा मात्र सलोखा पाहत नाही. तो हिस्सा पाहतो. सहमालकांचे हिस्से निश्चित असतील तर प्रत्येकाने आपापल्या हिश्श्याचे भाडे आपापल्या विवरणपत्रात दाखवावयाचे, हा नियम १९६१च्या प्राप्तिकर कायद्याने घातला आणि २०२५च्या नव्या कायद्यानेही तो राखला. मालकी स्वतःकडे ठेवून केवळ उत्पन्न दुसऱ्यास दिले, तरी कर देणाऱ्याच्याच माथी बसतो. बहिणीस भावाला खरोखरच द्यावयाचे असेल, तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र हा मार्ग आहे. पण मग तिचा घरावरील हक्कही जातो. भिडेपोटी तशी सही करण्यापूर्वी तिने दहा वेळा विचार करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

हिशेब अवघड नाही. भाडे दरमहा २४,००० रुपये, म्हणजे वर्षाचे २,८८,०००. मालकांनी त्या वर्षी प्रत्यक्ष भरलेली घरपट्टी, म्हणजे आपल्या बडोद्याच्या बोलीतला वेरा, १८,००० धरू. उरले २,७०,०००, प्रत्येकाचे ९०,०००. त्यातून ३० टक्के ठोक वजावट मिळते, मग दुरुस्तीस पैसा लागो वा न लागो. कर्जाचे व्याज नसेल तर प्रत्येकाचे करपात्र उत्पन्न ६३,००० रुपये.

बहिणीचे भारतात दुसरे उत्पन्न नसेल, तर एवढ्यावर येथे कर लागत नाही. परंतु येथे शून्य म्हणून तिकडेही शून्य, हे गणित चुकीचे. अमेरिकेचा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक जगभरच्या उत्पन्नावर तेथे कर देतो. तेव्हा हाच तृतीयांश तिला तिथल्या विवरणपत्रात, भाड्याच्या ‘शेड्यूल ई’ ह्या परिशिष्टात लिहावा लागतो. तेथे आपली ३० टक्क्यांची वजावट नाही. प्रत्यक्ष खर्च आणि इमारतीचा घसारा, जमिनीचा नव्हे, एवढे वजा होते. भारतात भरलेल्या कराची सूट तिकडे मिळते खरी, पण जो भरलाच नाही त्याची कशी मिळणार? शिवाय त्यांचे करवर्ष जानेवारी ते डिसेंबर, आपले एप्रिल ते मार्च. म्हणून भाऊरायांनी भाड्याची वही महिनावार ठेवावी; वर्षाची एकच बेरीज बहिणीच्या उपयोगाची नाही.

भाडे भावाबहिणीच्या संयुक्त खात्यात जमा होत असेल, तर आणखी एक मेख आहे. बहिणीच्या सर्व परदेशी खात्यांची मिळून शिल्लक वर्षात केव्हाही १०,००० डॉलरच्या वर गेली, की अमेरिकन सरकारला त्या खात्यांची निराळी माहिती द्यावी लागते. त्यात संयुक्त खात्याची सगळी शिल्लक मोजतात, तिचा तृतीयांश नव्हे. दादाची आयुष्यभराची पुंजी त्याच खात्यात असेल, तर तीही मोजली जाते.

राहता राहिला भाडेकरू. अनिवासी मालकाच्या हिश्श्यातून कर कापून सरकारात भरण्याची जबाबदारी त्याची, आणि तीही पहिल्या रुपयापासून. बहिणीच्या महिन्याच्या ८,०००मधून उपकरासह ३१.२ टक्के, म्हणजे २,४९६ रुपये. भारतात विवरणपत्र भरले की ही रक्कम तिला परत मिळते. न भरल्यास ती सरकारजमाच राहते. तेव्हा पुढचा भाडेकरार करताना तिघांची नावे, हिस्से आणि बहीण अनिवासी असल्याचा उल्लेख त्यात अवश्य घालावा, आणि भाडे तीन स्वतंत्र खात्यांत द्यावे असे लिहून घ्यावे. बहिणीला तिचे पैसे दादाला द्यावयाचेच असतील, तर ते तिने आपल्या खात्यातून द्यावेत.