सत्तावीस की बहात्तर?

‘सत्तावीस लिही’ म्हटले की मूल ७२ लिहिते आणि घरात आवाज चढतो. पालकहो, आधी चूक समजून घ्या. मराठी असो वा उर्दू, कानावर आधी सात पडतो, मग वीस. लिहायचे मात्र दोन आधी.

मगरिबनंतर दहा मिनिटे काढा. खराट्याच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधा. डावीकडे दोन गठ्ठे, उजवीकडे सात सुट्या काड्या. तसेच वहीत २७. एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी, हेही तीन गठ्ठ्यांतून एक काडी काढून दाखवा.

किराण्याची यादी भावासह मुलाकडूनच लिहून घ्या, बेरीजही त्यालाच करू द्या. चुकले तर रागावू नका. ‘पुन्हा काड्या मांड’ एवढेच म्हणा. मार खाऊन पाठ केलेले विसरते, गणिताची भीती मात्र राहते.