आवाज तिचा, नाव कुणाचे?

मुक्कामी शिबिराची शेवटची संध्याकाळ डोळ्यांसमोर आणा. दोन दिवस पोटगी, पंचनामा, अर्जांचे नमुने यांवर बोलून सगळ्यांची डोकी जड झालेली असतात. मग सतरंज्या गुंडाळल्या जातात आणि गाणी सुरू होतात. आधी चळवळीची, मग फुगडी, झिम्मा, आणि शेवटी एखादी तरुण कार्यकर्ती फोनवर नाचाचे इंग्रजी गाणे लावते. मागच्या शिबिरात असेच एक गाणे लागले. शब्द फारसे कुणाला कळले नाहीत. पण सुरुवातीलाच एका बाईची अशी काही खणखणीत हाक आली, की गुडघे दुखतात म्हणून भिंतीला टेकून बसलेल्या एक ताईसुद्धा उठून नाचू लागल्या. गाणे संपल्यावर त्यांनीच विचारले, "ही बाई कोण गं?" गाणे लावणाऱ्या मुलीला गटाचे नाव माहीत होते. बाईचे नव्हते.

त्या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधत गेलो, तेव्हा लक्षात आले की हे नाव आपल्यालाच माहीत नव्हते असे नाही. ते मुद्दाम लपवलेले होते, आणि परत मिळवण्यासाठी त्या बाईला न्यायालयात जावे लागले होते. म्हणून या अंकाचे संपादकीय एका नाचाच्या गाण्यावर.

गाण्याचे नाव 'गॉना मेक यू स्वेट'. लोकांच्या तोंडी मात्र 'एव्हरीबडी डान्स नाऊ' हेच बसले. १९९० च्या अखेरीस अमेरिकेत कोलंबिया कंपनीने ते बाजारात आणले. गटाचे नाव होते 'सी अँड सी म्युझिक फॅक्टरी'. त्यातले दोन 'सी' म्हणजे रॉबर्ट क्लिव्हिलेस आणि डेव्हिड कोल हे निर्माते. 'फॅक्टरी' हे नाव अगदी नेमके म्हणायला हवे, कारण गाणे कारखान्यातल्यासारखेच सुटे भाग जोडून तयार झाले. ठोक्याचे यंत्र, की-बोर्ड, गिटारचा एक छोटा तुकडा, फ्रीडम विल्यम्सचा रॅप, आणि या सगळ्याच्या वर ती एक हाक. गाणे पहिल्यांदा ऐकणाऱ्याच्या कानात राहते ती हाकच. ती मार्था वॉश या कृष्णवर्णीय गायिकेची होती. जून १९९० मध्ये तिने काही ओळी ध्वनिमुद्रित करून दिल्या होत्या, त्या केवळ नमुन्यासाठी आहेत अशा समजुतीने. नमुना म्हणजे चाल कशी म्हणायची ते दाखवणारे कच्चे मुद्रण. त्याचे तिला एकदाचे मानधन मिळाले आणि विषय तिच्यापुरता संपला. निर्मात्यांनी मात्र त्याच तुकड्यांची जुळणी करून गाणे उभे केले.

फेब्रुवारी १९९१ मध्ये हे गाणे अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर पोचले. जर्मनीत, नेदरलँड्समध्येही ते पहिले आले. क्लबांत, मैदानांवर, व्यायामवर्गांत ते वाजू लागले. दूरचित्रवाणीवर त्याची चित्रफीत दिसू लागली, आणि त्या चित्रफितीत मार्था वॉशचे शब्द उच्चारत होती झेल्मा डेव्हिस नावाची सडपातळ, तरुण मुलगी. वॉशचे नाव श्रेयनामावलीत कुठेच नव्हते.

असे का झाले? वॉशने पुढे मुलाखतींतून हे स्पष्टच सांगितले आहे. ती अंगाने जाड होती. आवाज विकला जाईल, पण शरीर विकले जाणार नाही, असा बाजाराचा हिशेब होता.

हा हिशेब किती दुटप्पी आहे ते पाहायचे तर थोडे मागे जावे लागेल. वॉश काही नवखी गायिका नव्हती. सॅन फ्रान्सिस्कोत चर्चमधल्या भक्तिगीतांवर तिचा आवाज घडला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस सिल्व्हेस्टर या गायकाच्या मागे ती आणि तिची मैत्रीण इझोरा गात असत. पुढे या दोघींची जोडी लोकांपुढे आली ती 'टू टन्स ओ फन' या नावाने, म्हणजे 'दोन टन गंमत'! १९८२ मध्ये याच दोघींनी 'द वेदर गर्ल्स' म्हणून गायलेले 'इट्स रेनिंग मेन' जगभर गाजले. म्हणजे लठ्ठपणाची गंमत करायची असेल तर जाड बाई चित्रात चालते. मात्र गाणे इच्छेचे, आकर्षणाचे, ऐटीचे असेल तर तीच बाई पडद्याआड जाते आणि तिचा आवाज दुसऱ्या देहावर चढवला जातो. जाड बाईने हसवावे, पण तिला काही हवेसे वाटू नये, हा नियम आपल्याकडच्या सिनेमा-नाटकांतही किती मुरलेला आहे, हे वेगळे सांगायला नको.

बरे, हा एकट्या गाण्यापुरता प्रकारही नव्हता. 'ब्लॅक बॉक्स' या इटालियन गटाच्या १९९० च्या संग्रहात 'एव्हरीबडी एव्हरीबडी' आणि इतरही काही गाण्यांत आवाज वॉशचा होता, पण चित्रफितींत आणि मुखपृष्ठावर होती कॅट्रिन क्विनॉल ही मॉडेल. त्याआधी १९८९ मध्ये याच गटाचे 'राइड ऑन टाइम' ब्रिटनमध्ये सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. त्यातला आवाज लोलिएटा हॉलोवे या गायिकेच्या १९८० च्या एका गाण्यातून कापून घेतलेला होता. हॉलोवेलाही आपला हक्क भांडूनच मिळवावा लागला. वॉश आणि हॉलोवे, दोघीही कृष्णवर्णीय, दोघीही कसलेल्या. नव्या यंत्रांनी आवाज कापून चिकटवणे सोपे केले, आणि सोपे झाले की कोणाचा आवाज आधी कापला जातो हेही दिसून आले.

याच सुमारास, नोव्हेंबर १९९० मध्ये, 'मिली व्हॅनिली' या जोडगोळीचे बिंग फुटले. दोन देखणे तरुण दुसऱ्यांच्या आवाजावर ओठ हलवत होते. त्यांचे ग्रॅमी पारितोषिक काढून घेतले गेले, आणि जगभर त्यांची चेष्टा झाली. पण त्या गदारोळातला सूर काय होता? "आम्हा श्रोत्यांना फसवले." ज्यांचे आवाज वापरले त्यांचे काय, हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला. ग्राहकाची फसवणूक चटकन दिसते. श्रमाची चोरी दिसायला वेळ लागतो.

मार्था वॉशने हीच दुसरी बाजू न्यायालयापुढे मांडली. आधी तिने श्रेय आणि स्वामित्वधनाचा वाटा बोलणी करून मागितला. ते जमेना, तेव्हा तिने दावे लावले. ब्लॅक बॉक्सच्या गाण्यांबाबत आरसीए कंपनीने तडजोड केली आणि तिला स्वतःच्या नावाने गाण्याचा करार दिला. १९९३ मध्ये तिच्या नावाचा, तिचा स्वतःचा चेहरा असलेला संग्रह निघाला. कोलंबियाची मालक असलेल्या सोनीबरोबरचे प्रकरण १९९४ मध्ये मिटले. त्यानंतर सोनीने एमटीव्हीला विनंती केली की चित्रफितीवर खुलासा टाकावा: गायन मार्था वॉश, दृश्यांकन झेल्मा डेव्हिस. एका ओळीचा खुलासा, पण तो मिळायला तीन-चार वर्षे लागली. तिच्या लढ्यानंतर कंपन्या सावध झाल्या आणि अशा गाण्यांवर गायिकेचे नाव छापण्याची रीत रुळू लागली.

इथे कुणी म्हणेल, "तिला पैसे तर मिळाले होते ना? काम केले, मजुरी घेतली, आता आणखी काय?" हा युक्तिवाद आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. त्याला तीन उत्तरे आहेत. एक, मजुरी ज्या कामाची ठरली ते काम वेगळे होते. नमुन्याचे पैसे देऊन माल विकला गेला. दोन, नाव ही केवळ शोभेची वस्तू नाही. पुढचे काम नावावर मिळते, कार्यक्रमाचे आमंत्रण नावाला येते, स्वामित्वधनाचा हिशेब नावासमोर मांडला जातो. नाव पुसले की या सगळ्या वाटा बंद होतात. तीन, नाव लपवण्यामागचे कारण तिचे काम कमी पडले हे नव्हतेच. कारण होते तिचे शरीर. ही उघड उघड भेदभावाची बाब आहे.

आणखी एका गोष्टीपासून आपण सावध राहिले पाहिजे. ही गोष्ट सांगताना झेल्मा आणि कॅट्रिन यांना खलनायिका करण्याचा मोह होतो. "सुंदर मुलीने जाड मुलीचा आवाज चोरला" ही गोष्ट वर्तमानपत्रांना फार आवडते. पण झेल्मा डेव्हिस स्वतः गायिका होती, त्याच संग्रहातली इतर गाणी तिने गायली आहेत. तिला ओठ हलवायला लावले, म्हणजे तिच्याही गळ्याला दुय्यम ठरवून तिचा फक्त देह वापरला. एकीचा देह नाकारला, दुसरीचा देह तेवढा उचलला. दोघींचा हिशेब तिसऱ्याच ठिकाणी मांडला जात होता. १९९४ च्या 'डू यू वाना गेट फंकी' या गाण्यात वॉश आणि डेव्हिस दोघीही आपापल्या नावाने आल्या. हेच आधी झाले असते तर काय बिघडले असते?

आपल्याकडे ओठ हलवणे ही फसवणूक मानलीच जात नाही. पडद्यावर एक आणि पार्श्वगायनाला दुसरी, हे आपण लहानपणापासून जाणतो आणि दोघींवरही प्रेम करतो. म्हणजे मूळ प्रश्न ओठांचा नाही, नावाचा आहे. आणि हे नावही आपल्याकडे आपसूक आलेले नाही. १९४९ च्या 'महल' चित्रपटातल्या 'आयेगा आनेवाला' या गाण्याच्या तबकडीवर गायिकेचे नाव छापले होते 'कामिनी'. हे चित्रपटातल्या पात्राचे नाव! ऐकणाऱ्यांनी ही गाते कोण म्हणून विचारणा सुरू केली, तेव्हा लता मंगेशकर हे नाव पुढे आले. पुढे लताबाईंनी गायकांना स्वामित्वधन मिळावे अशी मागणी लावून धरली. महंमद रफींचे मत वेगळे होते. मानधन मिळाले की गायकाचा हक्क संपतो, असे ते मानत. या मतभेदातून काही वर्षे दोघे एकत्र गायले नाहीत. फिल्मफेअर पारितोषिकांत पार्श्वगायनाला जागाच नव्हती, त्याविरुद्धही लताबाई अडून बसल्या आणि १९५९ पासून ते पारितोषिक सुरू झाले. त्यांच्या इतर भूमिकांबद्दल आपले मतभेद असू शकतात, पण श्रमाच्या मोलाची ही लढाई त्यांनी लढली, हे नोंदवलेच पाहिजे.

कायदा मागाहून आला. १९९४ च्या दुरुस्तीने आपल्या कॉपीराइट कायद्यात कलावंताचे हक्क मान्य झाले. २०१२ च्या दुरुस्तीने व्यावसायिक वापरातल्या स्वामित्वधनाचा वाटा आणि कलावंत म्हणून नाव दिले जाण्याचा हक्क आला. पण त्याच कायद्यात एक मेख आहे. चित्रपटात ज्याचे काम प्रासंगिक स्वरूपाचे आहे आणि धंद्याच्या रिवाजाप्रमाणे ज्याचे नाव श्रेयनामावलीत दिले जात नाही, त्याला बहुतेक हक्कांपुरते कलावंतच धरायचे नाही. म्हणजे ज्याचे नाव देण्याची रीत नाही, त्याला हक्क नाही, आणि हक्क नाही म्हणून नाव नाही. यात कोण सापडेल ते ओळखणे अवघड नाही.

या वर्तुळात फक्त कलावंत बायका अडकलेल्या नाहीत. ऊसतोडीला गेलेले नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. उचल नवऱ्याच्या हातात पडते आणि हिशेबात बाईचा वेगळा आकडा दिसत नाही. शेतात राबणारी ती, सातबारा त्याच्या नावावर. काम जगाला दिसते, पण कागदावर बाई दिसत नाही. मार्था वॉशची गोष्ट परकी वाटत नाही ती यामुळे.

आणि आपण स्वतः? आपल्या सभांत गायली जाणारी कितीतरी गाणी आपण 'पारंपरिक' किंवा 'चळवळीतले गीत' एवढेच लिहून छापतो. वस्तीतल्या एखाद्या बाईने रचलेले कडवे पुस्तिकेत येते, तिचे नाव येत नाही. अहवालात 'स्थानिक महिलांच्या सहकार्याने' असे लिहून आपण मोकळ्या होतो. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या सहकाऱ्यांबरोबर जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, तेव्हा ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि गावही टिपले. त्यामुळे दळणाऱ्या बाया 'लोकपरंपरा' या मोघम शब्दात विरून गेल्या नाहीत. हे आपल्यालाही जमण्यासारखे आहे.

अर्थात, काही वेळा नाव न देणेच योग्य असते. अत्याचाराला तोंड दिलेली बाई, घरच्यांच्या भीतीत असलेली मुलगी, यांची नावे आपण जपून ठेवतो आणि ठेवलीच पाहिजेत. फरक एवढाच की नाव लपवायचा निर्णय तिचा असेल तर ते संरक्षण असते. दुसऱ्या कुणी तिच्या वतीने घेतला तर ती चोरी होते.

तेव्हा मैत्रिणींनो, एक साधा आग्रह. पुढची गाण्यांची पुस्तिका, चित्रफीत किंवा अहवाल काढताना शेवटचे पान कोरे ठेवा आणि छपाईला देण्याआधी विचारा: हे कोणी रचले, कोणी गायले, कोणी रात्र जागून लिहून काढले? त्या बाईला विचारून तिचे नाव लिहा. तुमच्या भागातल्या अशा विस्मृतीत गेलेल्या गाणाऱ्या बायकांची नावे आणि त्यांच्याबद्दलची माहिती आमच्याकडे जरूर पाठवा. पुढच्या अंकात त्यासाठी पाने राखून ठेवली आहेत.

त्या ताईंना आम्ही मार्था वॉशचे नाव कळवले आहे. त्यांनी ते आपल्या वहीत लिहून ठेवले, आणि पुढच्या शिबिरात ते गाणे पुन्हा लावायचे आहे, असेही बजावले.

— संपादक मंडळ