आधी प्रवाळ, मग दिवा

नागपुरात सदरच्या बाजारात दिव्याबद्दल काहीही विचारा, उत्तर वॅटमध्ये मिळतं. स्वयंपाकघराचा दिवा असो, गणपतीच्या मखराचा असो की माशांच्या टँकचा, दुकानदार खोका उलटा करून आकडा दाखवतो आणि बोलणं संपतं. या आठवड्यात टँकच्या दिव्यावरून हे घडलं आणि मला राग आला, कारण या आकड्यावर एका प्राण्याचा जीव अवलंबून आहे.

आमच्या शेजारची मुलगी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला घरात खाऱ्या पाण्याचा टँक करायचा आहे. त्यात मासे नंतर, आधी प्रवाळ. दोन फुटांची काच आली, समुद्री मिठाची बादली आली, आरओचं पाणी साठवायला ड्रम आला. दिव्यापाशी घोडं अडलं. माझी संध्याकाळची फेरी रेसिडेन्सी रोडवरून मंगळवारी बाजाराकडे जाते. "काकू, आज मी पण येते," म्हणाली, आणि आम्ही दोघी एका दुकानात शिरलो.

"हा घ्या, दोनशे वॅटचा. वॅट जितके जास्त तितकं कोरल खुश," दुकानदार म्हणाला. बटण दाबताच सगळं दुकान निळं झालं. मुलीने शांतपणे विचारलं, "दादा, याचा पीएआर किती? अठरा इंच खाली किती पोचतो?" "ते सोडा ताई, वॅट पाहा." मग तिने विचारलं, निळा आणि पांढरा वेगवेगळा कमी-जास्त करता येतो का? येत नव्हता. टायमर? तो बाहेरून लावा म्हणाला. अभ्यास करून आलेल्या गिऱ्हाइकाला असं गप्प करणं मला मुळीच आवडलं नाही. पोरगी बरोबर तेच विचारत होती, जे विचारायला हवं.

कारण असं. प्रवाळ हा प्राणी आहे आणि त्याच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं. हे शैवाल उजेडावर अन्न तयार करतं आणि प्रवाळाला लागणाऱ्या ऊर्जेपैकी ९० टक्क्यांपर्यंत ऊर्जा त्यातून येऊ शकते. म्हणजे त्याच्यासाठी दिवा हेच जेवण. वॅट हा विजेचा खर्च सांगतो, पाण्यात काय पोचलं ते सांगत नाही. ल्युमेन माणसाच्या डोळ्याच्या हिशेबाने मोजतात. आपला डोळा हिरव्या-पिवळ्याला तीक्ष्ण आणि निळ्याला मंद, त्यामुळे प्रवाळाला उपयोगी पडणारा निळा उजेड ल्युमेनमध्ये फारसा दिसतच नाही. मोबाइलवरचं उजेड मोजायचं ॲपही याच कारणाने फसवतं. शैवालाला उपयोगी पडणारा ४०० ते ७०० नॅनोमीटरचा उजेड मोजतात तो पीएआर. मशरूम, झोअँथिड अशा मऊ प्रवाळांना तो साधारण ५० ते १५० पुरतो. फांद्यांच्या कठीण प्रवाळांना २०० ते ३५० लागतो. उघड्या माळावर भर दुपारी हाच आकडा दोन हजारांच्या आसपास असतो.

हे घरी समजावून सांगत होते, तर मुलीचे आजोबा म्हणाले, "मग गच्चीवर ऊन फुकट पडलंय, दिवा कशाला?" प्रश्न अगदी योग्य होता. जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी हेच केलं होतं. समुद्रातले जिवंत दगड, हवेचे बुडबुडे आणि सूर्यप्रकाश, एवढ्यावर ते प्रवाळ सांभाळत आणि १९६१ साली त्यांनी एका अमेरिकन मासिकात ते लिहिलं. घरगुती प्रवाळपालनाची सुरुवात सांगताना त्यांचं नाव घेतातच. पण जाकार्ता समुद्रकाठी आहे. तिथे मे महिन्यात पारा ४५ पार करत नाही. आपल्या गच्चीवर दोन फुटांचा टँक ठेवला, तर दुपारपर्यंत त्यातलं पाणी प्रवाळ सोसू शकणार नाही इतकं तापेल. त्याला २४ ते २७ अंश हवेत.

आजोबांना पटलं, आणि त्यांनी लगेच दुसरी गोष्ट सांगितली, जी मला फार आवडली. पाण्यावर पंखा लावा म्हणाले, कुलरसारखा. विदर्भाची कोरडी हवा इथे खरोखर मदत करते. पृष्ठभागावर वारा खेळला की पाणी उडतं आणि टँक दोन-तीन अंश उतरतो. फक्त उडतं ते पाणी, मीठ मागे राहतं, म्हणून भर टाकायची ती आरओच्या गोड्या पाण्याची. ऐन उन्हाळ्यात मात्र चिलर लागेलच. दिव्याच्या किमतीत हा खर्च धरलाच पाहिजे. दोनशे वॅटचा दिवा स्वतःही तापतो, आणि त्याची उष्णता हटवायला चिलर आणखी वीज ओढतो.

तेव्हा नवशिक्याने दिवा घेताना माझ्या मते एवढं पाहावं. निळा आणि पांढरा वेगळा कमी-जास्त करता यावा. कंपनीने किती उंचीवरून, किती खोलीवर, किती पीएआर मिळतो याचा तक्ता दिलेला असावा. तक्ता नसेल तर दिवा ठेवून यावा. रंग १४,००० ते २०,००० केल्विनच्या घरातला असावा. ६,५०० चा दिवा गोड्या पाण्यातल्या वनस्पतींसाठी चांगला. आणि आणल्यावर पूर्ण जोरात लावू नये. रोपवाटिकेतलं रोप सावलीतून एकदम उन्हात लावलं की करपतं, तसंच इथे होतं. तीस-चाळीस टक्क्यांवर सुरुवात करावी, दिवसाला आठ-नऊ तास, आणि आठवड्या-आठवड्याने वाढवावं. प्रवाळ स्वतः सांगतो. तो वर ताणला गेला, तपकिरी झाला तर उजेड कमी. आक्रसला, रंग उडाला तर जास्त. जास्त उजेडात आणि उष्णतेत शैवाल घातक ऑक्सिजन तयार करू लागतं, प्रवाळ ते शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. झोअँथिडला हात लावताना हातमोजे हवेत आणि त्यांचा दगड कधीही उकळू नये, काहींमध्ये जबर विष असतं.

आता खरी गोष्ट. त्या दुकानातून निघताना दुकानदाराने मोबाइल पुढे केला. "कोरलपण मिळेल. फांद्यांचं. ओरिजनल लक्षद्वीपचं." दिव्याचा राग तिथेच मागे पडला आणि या गोष्टीचा अजून शमलेला नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली सगळे कठीण, खडक बांधणारे प्रवाळ घातले गेले. ज्या अनुसूचीत वाघ आहे, त्याच. शिक्षा तीन ते सात वर्षं. पेंच आणि ताडोबाच्या मधल्या या गावात वाघनख घरात सापडलं तर काय होतं, हे लहान मुलालाही कळतं. प्रवाळाची फांदी मात्र आपण शोभेची वस्तू समजून दिवाणखान्यात ठेवतो. मेलेला सांगाडाही कायद्याबाहेर नाही. म्हणून माझं सांगणं, दिवा निवडायच्या आधी प्राणी निवडा, आणि त्याचे कागद बघा. मऊ प्रवाळांचंही आयातीचं बिल दाखवू शकेल त्याच विक्रेत्याकडून घ्या. लक्षद्वीपचं म्हणून कोणी देत असेल तर हात जोडून बाहेर या. ती बेटं २०२४ च्या उन्हाळ्यात आधीच पांढरी पडली; त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये जगभरातल्या प्रवाळ पांढरं पडण्याच्या चौथ्या लाटेची घोषणा झाली.

आणि लक्षद्वीपपर्यंत जायची गरजच काय? महाराष्ट्राला स्वतःचे प्रवाळ आहेत. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पोराइट्स, टर्बिनेरिया यांचे ठिगळठिगळ पट्टे आहेत आणि तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभर किलोमीटरहून दूर, कान्होजी आंग्र्यांच्या नावाची आंग्रिया बँक आहे. स्वच्छ पाण्यात वीसेक मीटर खाली प्रवाळांनी भरलेलं पठार. या दोन जागांचा उजेड किती वेगळा! आंग्रियावर लाल रंग वाटेतच संपतो आणि निळा तेवढा खाली पोचतो. मालवणचं पाणी गढूळ, हिरवट. नद्यांचा गाळ, पावसाळ्यातल्या खवळलेल्या लाटा. तिथले प्रवाळ अर्ध्या उजेडात जगायला शिकलेले आहेत. त्यांच्यासाठी प्रश्न वॅटचा नाही, गाळाचा आहे. किनाऱ्यावर माती उकरली की त्यांच्या डोक्यावरचा दिवा मंद होतो. घरात शंभर पीएआर मिळवायला आपण एवढी धडपड करतो, आणि समुद्रात फुकट मिळणारे शंभर आपण गाळाने बुजवतो. हे मला सहन होत नाही.

सगळ्याच प्रवाळांना उजेड लागतो असंही नाही. नारिंगी सूर्यप्रवाळ शैवाल बाळगत नाही, तो अंधाऱ्या कपारीत राहतो आणि पाण्यातलं अन्न पकडून खातो. प्रवाळ मुंबईतही आहेत. तिथे किनारी रस्त्याच्या कामात वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर प्रवाळ सापडले, तेव्हा राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांनी नोव्हेंबर २०२० मध्ये त्यांच्या १८ वसाहती उचलून दुसरीकडे लावल्या. त्यासाठी परवानगी लागली ती राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची. ते कार्यालय कुठे आहे? आपल्या नागपुरात, सिव्हिल लाइन्सच्या वनभवनात, सदरला लागून. समुद्र दोन्ही बाजूंनी पाचशे किलोमीटरच्या पलीकडे, पण महाराष्ट्रातल्या प्रवाळाचा कागद याच गावातून जातो.

आणखी एक गोष्ट याच गावात आहे. तेलंगखेडीला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. तिथली मुलं माशांचे रोग शिकतात, पाणी तपासतात, टँक सांभाळतात. मग मला एक मागणी करायची आहे. मालवणला जाळ्यात अडकून, नांगर लागून तुटलेले प्रवाळाचे तुकडे असतात. तुकड्यापासून प्रवाळ वाढतो. असे काही तुकडे शिक्षणासाठी, कायद्याच्या कलम १२ प्रमाणे, मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवान्याने आणि केंद्राच्या पूर्वसंमतीने या महाविद्यालयात आणावेत. टँक मोठा असावा, चिलर चांगला असावा, आणि दिवे मालवणच्या हिरव्या पाण्यासारखे मंद लावावेत, निळा तमाशा नको. मुंबईला तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली झालं. विदर्भातल्या मुलांनी समुद्री जीव पाहायला आयुष्यभर रेल्वेचं तिकीट का काढावं?

माझ्या शेजारची मुलगी मशरूम प्रवाळापासून सुरुवात करणार आहे, कागद पाहून, कमी उजेडावर. तिच्यासारखी मुलं या गावात पुष्कळ असतील. त्यांना विचारायला एक जागा हवी, जिथे उत्तर वॅटमध्ये मिळणार नाही. परवाना देणारं कार्यालय नागपुरात आहे, प्रवाळ सांभाळू शकतील असे शिक्षकही नागपुरातच आहेत. महाविद्यालयाने अर्ज करावा, आणि वनभवनाने तो लवकर वाचावा, एवढंच माझं म्हणणं आहे.