मोटारीचीं हिंवाळी पादत्राणें

बर्फावर चालणाऱ्या मोटारीचे टायर हा विषय पुण्या-नागपुराच्या वाचकांपुढें मांडूं लागलों तर ते हंसतील, हें मी जाणून आहें. ज्या मुलखांत जानेवारीतल्या पहांटे अंगावर शाल घेतली कीं थंडीची बोळवण होते, तेथें या माहितीचा उपयोग तो काय? परंतु आपल्यांत आतां असें घर क्वचितच सांपडेल, कीं ज्यांतील एखादा मुलगा, पुतण्या अथवा जांवई परदेशीं थंड प्रांतांत नोकरीस नाहीं. वडील मंडळी त्यास फोनवर 'जेवलास कां' म्हणून नित्य विचारतात; 'गाडीचे टायर बदललेस कां' असें कोणी विचारीत नाहीं. हा दुसरा प्रश्नहि विचारण्याजोगा आहे, असें मला गेल्या नोव्हेंबरपासून वाटूं लागलें आहे.

आमच्या थोरल्या बंधूंचा एकुलता मुलगा जर्मनींत म्यूनिक येथें एंजिनियर आहे. बंधु आतां हयात नाहींत. वहिनी गांवीं जुन्या वाड्यांत राहतात. या चिरंजिवांनीं दोन वर्षांपूर्वीं एक वापरलेली पण देखणी पोर्शे बॉक्स्टर घेतली. बैठक दोघांचीच, एंजिन पाठीमागें, जोर मागच्या चाकांवर, आणि पोट जमिनीस टेकेल कीं काय इतकें खालीं. वहिनी तिला 'चार चाकांची फटफटी' म्हणतात. आजवर हिंवाळा लागला कीं ती गाडी झांकून ठेवून तो आगगाडीनें कामावर जात असे. पण यंदा कचेरी गांवाबाहेर गेली, आणि गाडी बाराहि महिने चालविणें त्यास भाग पडलें.

जर्मन लोकांत टायरांसंबंधीं एक सोपा आडाखा आहे : 'ओ'पासून 'ओ'पर्यंत. म्हणजे ऑक्टोबरपासून ईस्टरपर्यंत. त्यांच्या भाषेंत ईस्टरलाहि 'ओ'नेंच आरंभ होतो. आम्ही उभयतां तेथें गेलों तेव्हां ऑक्टोबर उलटून गेला होता, आणि गाडीला टायर मात्र उन्हाळीच होते. मीं सहज विचारलें, तर "घालूं पुढच्या आठवड्यांत, काका," एवढेंच उत्तर मिळालें.

त्या रविवारीं वाल्हेनझे नांवाचें डोंगरांतील सरोवर पाहण्याचा बेत ठरला. गाडींत दोघांनाच जागा. म्हणून आमची मंडळी व सूनबाई आगगाडीनें कोहेल गांवीं गेल्या आणि तेथील चित्रसंग्रहालयांत रमल्या. आम्ही दोघे पुरुष केसलबर्गचा घाट चढून वर गेलों. वरचें सरोवर खालच्या कोहेलझेपेक्षां सुमारें दोनशें मीटर उंच आहे; त्या उतारावरून पाणी नळांतून खालीं सोडून १९२४ सालापासून तेथें वीज काढतात. आपल्या खोपोलीस टाटांनीं हाच उद्योग १९१५ सालीं सुरूं केला होता, हें मी पुतण्यास अभिमानानें सांगत होतों, तोंच कांचेवर ओलसर बर्फाचे पुंजके पडूं लागले.

आम्ही लगेच परत फिरलों. माथ्यावरून उतरूं लागलों तेव्हां रस्ता पांढरा झाला होता. वेग ताशीं वीस किलोमीटरहून अधिक नसेल. एका वळणावर त्यानें ब्रेक दाबला. पायाखालीं यंत्राची घरघर ऐकूं आली, चक्र वळलें, पुढचीं चाकें वळलेलीं दिसलीं, आणि गाडी मात्र सरळच पुढें चालली. आवाज नाहीं, हिसका नाहीं. ताटावरून लोण्याचा गोळा सरकावा तशी ती सरकत होती. कठड्यापासून हातभर अंतरावर थांबली. पलीकडे दरीतल्या झाडांचे शेंडे दिसत होते. आम्ही दोघेहि कांहीं वेळ बोललों नाहीं. मग तो इतकेंच म्हणाला, "काका, आईला यांतलें कांहीं कळवूं नका."

तासाभरानें मीठ टाकणारी व बर्फ लोटणारी नारिंगी गाडी आली. तिच्या मागोमाग आम्ही बैलगाडीच्या चालीनें खालीं उतरलों.

दुसऱ्या दिवशीं टायरवाल्याकडे गेलों. तो म्हातारा मिस्त्री शब्द मोजून बोलणारा होता. त्यानें एक उन्हाळी व एक हिंवाळी टायर माझ्यापुढें ठेवला आणि अंगठ्याचें नख दाबून पाहावयास सांगितलें. रात्रभर थंडींत पडलेल्या उन्हाळी टायरावर नखाची खूणहि उठेना; हिंवाळी रबर मात्र खोडरबराप्रमाणें दबलें. सगळें मर्म यांतच आहे. टायर रस्त्याला धरतो तो त्याच्या मऊपणामुळें : रबर रस्त्यावरील बारीक खडबडींत शिरतें आणि तेथें रुतून राहतें. वेगवान मोटारीच्या उन्हाळी टायरांचें मिश्रण तापलेल्या रस्त्यासाठीं केलेलें असतें. थंडींत तें ताठ होतें. कडक गारठ्यांत असा टायर फिरविल्यास त्याला तडेहि जाऊं शकतात, असा इशारा कांहीं कारखानदार स्वतःच देतात. हिंवाळी मिश्रण शून्याच्या बरेंच खालींहि लवचिक राहतें.

शिवाय हिंवाळी टायराच्या प्रत्येक ठोकळ्यावर केसासारख्या बारीक चिरा असतात. चाक टेंकतांच त्या उघडतात व त्यांच्या कडा बर्फाला ओरखडतात. खांचांतून बर्फ भरून राहतो तोहि कामास येतो, कारण बर्फ बर्फाला चिकटतो. मुलें बर्फाचे गोळे करतात तें याच गुणावर.

सात अंशांखालीं पारा उतरला कीं टायर बदलावे, असें सर्वत्र सांगितलें जातें. हा व्यवहाराचा ठोकताळा आहे, पदार्थविज्ञानाचा नियम नव्हे. कोरड्या रस्त्यावर त्याहून अधिक थंडींतहि चांगला उन्हाळी टायर कधीं कधीं लौकर थांबतो. पण डोंगरांत सकाळीं कोरडा असलेला रस्ता संध्याकाळीं कसा असेल याची शाश्वति नसते, हें आम्हीं स्वतः अनुभविलें होतें.

बर्फाचा खास टायर फिनलंडमधील एका रबराच्या कारखान्यानें १९३४ सालीं प्रथम मालमोटारींसाठीं काढला, व दोन वर्षांनीं लहान मोटारींसाठीं. जर्मनींत २०१० पासूनचा कायदा तारखा नेमून देत नाहीं. रस्त्यावर बर्फ, चिखलबर्फ, गोठण अथवा दंव असेल तर हिंवाळी टायर हवेत, एवढेंच सांगतो. मोडल्यास साठ युरो दंड व परवान्यावर एक गुण. टायराच्या कडेवर तीन शिखरांचा डोंगर व त्यांत हिमकण असें चिन्ह पाहून घ्यावें. ऑक्टोबर २०२४ पासून तेथें तेंच ग्राह्य आहे, 'एम' व 'एस' हीं जुनीं अक्षरें पुरेशीं नाहींत. ऑस्ट्रियांत १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल हा काळ ठरलेला असून हिंवाळी टायराची खांच निदान चार मिलिमीटर खोल लागते. कॅनडांतील क्वेबेक प्रांतांत १ डिसेंबर ते १५ मार्च अशी सक्ति आहे.

आतां पैशाची गोष्ट. आमच्या चिरंजिवांनीं मिस्त्र्यास विचारलें, "जोर मागच्या चाकांवर आहे, तर मागचे दोनच टायर बदलले तर?" त्यानें मान हलविली. मागचीं चाकें ढकलतील खरीं, पण गाडी वळविणारीं व थांबविण्याचा मोठा भार घेणारीं चाकें पुढचीं. तीं उन्हाळी राहिलीं तर कालचाच प्रकार पुन्हां. उलट पुढचींच बदललीं तर वळणावर शेंपूट पुढें येते. बदलावयाचे तर चारहि.

दुसरा प्रश्न मापाचा होता. गाडीचीं उन्हाळी चाकें वीस इंची. त्यांवर टायर म्हणजे रबराची पातळ पट्टीच. हिंवाळ्यासाठीं मिस्त्र्यानें अठरा इंची रिम सुचविले : पुढें २३५, मागें २६५ मिलिमीटर रुंदीचे. बर्फांत रुंद टायर मिरवण्याची हौस व्यर्थ आहे. तो वर तरंगतो, बेताच्या रुंदीचा टायर बर्फ कापून खालच्या रस्त्यापर्यंत पोंचतो. उंच कडेचा टायर बर्फाखालीं दडलेले खड्डे सोसतो, आणि लहान रिम खरेदीसहि स्वस्त पडतात. मात्र फार लहान रिम चालत नाहींत. आंतील ब्रेकची तबकडी मोठी असते, ती त्यांत मावली पाहिजे. सांखळ्यांचेंहि तसेंच : रुंद टायर व चाकाचा कोनाडा यांमध्यें जागा नसेल तर त्या चढवितांच येत नाहींत. मनालीच्या रस्त्यावर आपल्या टॅक्सीवाल्यांना चाकांना सांखळ्या गुंडाळतांना ज्यांनीं पाहिलें असेल, त्यांनीं ही युक्ति ठेंगण्या गाडीवर सरसकट करूं नये.

रिमांसह चारहि टायरांचा खर्च दोन हजार युरोंहून अधिक झाला. नुसते टायर घेऊन त्याच रिमांवर चढविणें प्रथम स्वस्त दिसतें. पण दर सहा महिन्यांनीं उतरवा-चढवी, व मिठानें खाल्लेले सुंदर रिम हा हिशेब त्यांत धरावा लागतो. पन्नास-शंभर किलोमीटर गाडी चालल्यावर बोल्ट पुन्हां आवळून घेण्यास मिस्त्र्यानें बजावलें. पारा दहा अंश उतरला कीं टायरांतली हवा सुमारें दीड पौंडानें कमी होते, तीहि पाहत जावी. नव्या टायरांवर चार आंकडे असतात : ३८२३ म्हणजे २०२३ सालचा अडतिसावा आठवडा. दुकानदार स्वस्त देऊं लागला तर हे आंकडे आधीं वाचावे.

वहिनींपासून ही गोष्ट मीं आठ दिवस लपविली, नंतर मला तें जमलें नाहीं. टायर लांबणीवर कां पडले होते हें तोंवर मला उमगलें होतें. वाड्याच्या पश्चिमेकडील छप्पर गळत होतें. सप्टेंबरांत त्यानें टायरांसाठीं ठेवलेली रक्कम कौलांसाठीं गांवीं पाठविली, आणि पुढच्या दोन पगारांची वाट पाहत बसला. वहिनींनीं सगळें ऐकून घेतलें. बराच वेळ फोनवर कांहीं आवाज आला नाहीं. मग म्हणाल्या, "भावोजी, कौलें आणखी एक पावसाळा थांबलीं असतीं हो." हा लेख त्यांच्या अनुमतीनेंच लिहीत आहें. त्यांचा एकच आग्रह होता, कीं कठड्याचें अंतर हातभर होतें तर हातभरच लिहावें, कमी-जास्त करूं नये.

उतरविलेलीं उन्हाळी चाकें घराखालच्या तळघरांत ठेविलीं आहेत. कोणतें चाक कोठलें हें खडूनें लिहिलें आहे, कारण पुढच्या व मागच्या चाकांचीं मापें निराळीं. त्याच तळघरांत सूनबाईंच्या लिंबाच्या लोणच्याच्या बरण्या होत्या. रबराचा वास लोणच्याला लागेल असें आमच्या मंडळींचें मत पडलें, आणि निघण्याच्या आदल्या दिवशीं चार जिने चढून त्या बरण्या वर नेण्याचें काम माझ्याकडे आलें.