विश्लेषण : ईकोचा आकडा दिसतो, रुग्णाची दमछाक का दिसत नाही?

हृदय कमजोर झालेल्या रुग्णाच्या औषधांत बहुतेक वेळा एक लघवीची गोळी असते. शरीरात साचलेले जादा पाणी ती बाहेर काढते. सकाळी ती घेतली की पुढचे काही तास वारंवार लघवीला जावे लागते. आता हा रुग्ण कल्याणला राहतो आणि नोकरीला मुंबईत जातो असे समजा. सीएसएमटीपर्यंत जलद लोकलनेही तासभर लागतो आणि लोकलमध्ये स्वच्छतागृह नसते. मग तो काय करतो? कामाच्या दिवशी गोळी चुकवतो. काही दिवसांत पाय सुजतात, रात्री आडवे झाले की दम लागतो आणि शेवटी अ‍ॅडमिट व्हावे लागते. केसपेपरवर शेरा पडतो : औषधे नियमित घेत नाही. का घेत नाही, हे विचारणारा रकाना त्या कागदावर नसतो.

यावरचा उपाय साधा असू शकतो. गोळीची वेळ बदलता येईल का, घरी परतल्यावर घेतली तर चालेल का, हे डॉक्टर ठरवू शकतात. पण त्यासाठी रुग्णाने सांगायला हवे आणि समोरच्याने ऐकायला हवे. गंभीर हृदयविकार घेऊन वर्षानुवर्षे जगणाऱ्या माणसाचे म्हणणे हा उपचाराचाच भाग आहे. आपली व्यवस्था मात्र ते अजूनही तक्रारीच्या खात्यात टाकते.

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणे का?

नाही. नावामुळे तसा समज होतो आणि घरात घबराट पसरते. हृदयविकाराच्या झटक्यात हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा अचानक तुटतो. हार्ट फेल्युअरमध्ये हृदय चालू असते, पण शरीराला लागेल तेवढे रक्त पुढे ढकलण्याची त्याची ताकद कमी पडते. आधी येऊन गेलेला झटका, अनेक वर्षांचा रक्तदाब, लहानपणच्या संधिवाताच्या तापाने खराब झालेली झडप किंवा हृदयाच्या स्नायूचाच आजार, अशी त्याची कारणे असतात. आज चांगली औषधे आहेत आणि अनेक रुग्ण वर्षानुवर्षे कामधंदा सांभाळून जगतात. पण हे जगणे म्हणजे रोजचा हिशेब असतो. मीठ किती, पाणी किती, कोणता जिना चढायचा आणि कोणती गाडी सोडायची, हे दररोज ठरवावे लागते.

रुग्णाच्या सांगण्याला वैद्यकीय किंमत आहे का?

आहे, आणि ती फार जुनी आहे. हृदयरोगतज्ज्ञ जगभर ‘न्यू यॉर्क हार्ट असोसिएशन’ची चार पायऱ्यांची वर्गवारी वापरतात. ती १९२८ पासून चालत आली आहे. रोजच्या कामात काहीच त्रास नसेल तर पहिली पायरी, रोजच्या कामाने दम लागत असेल तर दुसरी, त्याहून थोड्या हालचालीनेही लागत असेल तर तिसरी आणि बसल्या जागी लागत असेल तर चौथी. यातले काहीही यंत्र सांगत नाही, रुग्णच सांगतो.

ईको तपासणीतून ‘ईजेक्शन फ्रॅक्शन’ कळते. डाव्या कप्प्यातील रक्तापैकी किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर फेकले जाते, याचा तो आकडा. पण सारखाच आकडा असलेल्या दोघांपैकी एक जण कल्याण स्थानकाचा पूल एका दमात पार करतो आणि दुसरा मध्येच कठड्याला धरून उभा राहतो. दोघांचे आयुष्य सारखे नाही, उपचारही सारखे असतीलच असे नाही. रुग्णाच्या उत्तरांवरूनच प्रकृती मोजणारी एक प्रश्नावली अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२० मध्ये नव्या उपचारांच्या मूल्यमापनासाठी ग्राह्य धरली, ती याचसाठी.

घरचा वजनकाटाही असेच बोलतो. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढले तर ते बहुधा अंगात साचलेले पाणी असते. अशा वेळी पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे लागते. ही खबर सगळ्यात आधी रुग्णाकडेच असते.

मग रुग्ण बोलत का नाही?

ओपीडीत बाहेर रांग असते, आत दोन-चार मिनिटे मिळतात. त्यातही ‘त्यांना ताण नको’ म्हणून मुलगा किंवा सून बोलते. अनेक घरांत रिपोर्ट रुग्णापासून लपवला जातो. झोप लागत नाही, रात्री मरणाची भीती वाटते, नवरा-बायकोच्या संबंधांचे काय, नोकरी टिकेल का, हे प्रश्न नातेवाइकांसमोर विचारणार कसे? बायकांचे आणखी अवघड. त्यांचा थकवा घरकामाच्या किंवा वयाच्या नावावर खपून जातो.

रुग्णाला मोकळेपणाने बोलता येत नसेल तर उपचार अपुरे राहतात, हे कल्याणला कोणी नव्याने सांगायला नको. कल्याणच्या जोशी घराण्यातली यमुना, म्हणजेच पुढच्या डॉ. आनंदीबाई. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि दहा दिवसांतच तो गेला. डॉक्टर होण्याची त्यांची ओढ या दुःखातून आली. १८८३ मध्ये बंगालमधील श्रीरामपूरच्या भाषणात, अमेरिकेला का जायचे हे सांगताना, पुरुष डॉक्टरांकडून तपासून घ्यायला बायका संकोचतात, हे कारण त्यांनी जाहीरपणे मांडले. १८८६ मध्ये त्यांना पदवी मिळाली. भारतातील पहिल्या महिला डॉक्टरांपैकी एक म्हणून आपण त्यांचे नाव घेतो. पण त्या आधी उपचारांअभावी बाळ गमावलेली आई होत्या, हे विसरतो.

व्यवस्थेला हा रुग्ण दिसतो कधी?

मुख्यतः शस्त्रक्रियेच्या दिवशी. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. अँजिओप्लास्टी, बायपास त्यातून होतात आणि त्याचा मोठा आधार आहे. पण योजनेचा भर अ‍ॅडमिट होऊन घ्यायच्या उपचारांवर आहे. हार्ट फेल्युअरच्या रुग्णाचा मोठा खर्च असतो तो दर महिन्याच्या मेडिकलच्या बिलात.

रेल्वेचेही तसेच. कर्करुग्णाला उपचारांसाठी आणि ठरावीक काळाने होणाऱ्या तपासणीसाठीही तिकिटात सवलत आहे. हृदयरुग्णाच्या नोंदीत मात्र ‘शस्त्रक्रियेसाठी’ असे लिहिले आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत थॅलेसेमिया, सिकलसेल, पार्किन्सन आहेत. हार्ट फेल्युअर नाही. बाहेरून धडधाकट दिसणारा हा माणूस गर्दीच्या डब्यात बसायला जागा मागू शकत नाही, कारण त्याच्याकडे दाखवायला काही नसते.

बोलून फरक पडतो का?

पडतो. एके काळी औषधी लेप असलेल्या स्टेंटची किंमत लाखाच्या वर जात असे. दिल्लीतील वकील बिरेंदर सांगवान यांनी त्याविरुद्ध उच्च न्यायालयात याचिका केली. पुढे स्टेंट अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आला आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने कमाल किंमत ठरवली : साध्या स्टेंटला ७,२६० रुपये आणि औषधी लेपाच्या स्टेंटला २९,६०० रुपये, कर वेगळे. एका नागरिकाच्या ‘इतके का?’ या प्रश्नाचा फायदा देशभरातील रुग्णांना झाला.

आपल्या जिल्ह्यातही उदाहरण आहे. पालघर वेगळा होण्यापूर्वी, २००७ मध्ये, आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेखीचा प्रयोग महाराष्ट्रातील पाच जिल्ह्यांत सुरू झाला, त्यात ठाणे होता. जनसुनवाईत गावकरी उठून अधिकाऱ्यांना विचारत, आमच्या केंद्रात डॉक्टर का नसतात, औषध बाहेरून का आणायला लावता? गावात जे जमले ते शहरात का जमू नये?

रुग्णाच्या हातात आज काय आहे?

राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये रुग्णहक्कांची सनद मांडली, तीत १७ हक्क आहेत. आजाराची माहिती, दुसऱ्या डॉक्टरांचे मत, औषधे कुठून घ्यायची याची निवड हे त्यातलेच. केसपेपरची प्रत मागण्याचा रुग्णाचा हक्क मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच मान्य केला होता. मागणी केल्यापासून ७२ तासांत ती द्यावी, असे डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२ चे नियम सांगतात. राज्याच्या २०२१ च्या सुधारित नियमांनुसार खासगी रुग्णालयात रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक लावणे बंधनकारक आहे. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. हे हक्क बहुतेकांना बिल हातात पडल्यावर कळतात. दाखल होतानाच ते सांगण्याची जबाबदारी रुग्णालयाची असली पाहिजे.

कल्याणमध्ये सुरुवात कुठून करावी?

फार पैसे लागणार नाहीत अशा तीन गोष्टी करता येतील. कल्याणचे रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर ही पालिकेची रुग्णालये. तिथल्या केसपेपरवर एक रकाना वाढवावा : औषध चुकत असेल तर का? दुसरे, रुग्णालयाविषयी निर्णय घेणाऱ्या समितीत दीर्घ आजार घेऊन जगणाऱ्या दोन रुग्णांना बसवावे, त्यात एक बाई असावी. त्यांना मान डोलवायला नव्हे, तर कामकाजाचे विषय सुचवायला बोलवावे. तिसरे, महिन्यातून एकदा हृदयरुग्णांची बैठक घ्यावी. गोळीची वेळ, पथ्याचा खर्च, जिन्यांचा त्रास, यावरचे कितीतरी उपाय रुग्णांनी स्वतःच शोधलेले असतात. ते एकमेकांना कळतील आणि डॉक्टरांनाही.

रुग्णांनीही एवढे करावे. पुढच्या तारखेला जाताना फाइलसोबत एक चिठ्ठी न्यावी. वजन किती वाढले, किती पायऱ्यांनंतर थांबावे लागते, कोणती गोळी चुकते आणि का, एवढ्या तीनच ओळी. आत गेल्यावर ती आधी वाचून दाखवावी, रिपोर्ट नंतर पुढे करावा.