मैत्रीबाग पाहिली, आता तांदुळ्यावर मुक्काम हवा

सुट्टीत भिलाईला घरी गेलो की मैत्रीबाग ठरलेलीच. भारत-सोव्हिएत मैत्रीची खूण म्हणून १९७२ साली झालेली ही बाग भिलाई पोलाद कारखाना सांभाळतो. पांढरा वाघ मलाही आवडतो, पण तो पिंजऱ्यात आणि आपण संध्याकाळी घरी! याला शिबिर कसे म्हणायचे? माझे मत असे, की भिलाईच्या कॅडेटांनी रीतसर परवानगी काढून बालोदजवळच्या तांदुळा जलाशयाकाठी एक रात्र काढावी. कारखान्याला पाणी देणारा जलाशय निदान पाहिलेला तरी असावा. सोबत एखादे उस्ताद असावेत. तंबू आम्ही ठोकू, पहारा पाळीपाळीने देऊ. आई-बाबांना भीती साप-विंचवांची. बूट झटकून घालायला आम्ही शिकलो आहोत. तारीख त्यांनीच ठरवावी, फक्त यंदाच्याच हिवाळ्यातली.